पुतळे पुष्कळ, जामीनदार कुठे?

१२ जानेवारी जवळ आली की एक लेख हमखास छापून येतो. जिजाऊंची जयंती आणि राष्ट्रीय युवा दिन एकाच तारखेला येतात, त्यामुळे लेखकाला प्रस्तावना शोधावी लागत नाही. आजच्या तरुणांपुढे आदर्शच उरलेले नाहीत, हा त्या लेखाचा सूर. पूर्वी म्हणे घरोघरी थोरांची चरित्रे वाचली जात, मुले टिळक, फुले, गांधी, साने गुरुजी यांच्याकडे पाहून मोठी होत. आता नट, क्रिकेटपटू आणि रीलवर नाचणारी मंडळी हेच त्यांचे देव. मग उपाय येतात. चरित्रे वाचायला द्या, वर्गात तसबिरी लावा, प्रेरणादायी व्याख्याने ठेवा. ५ सप्टेंबरला हाच लेख शिक्षकांचे नाव घालून पुन्हा येतो.

लिहिणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण त्यांचे निदान चुकले आहे, आणि चुकूनही ते लोकप्रिय आहे, कारण ते सोयीचे आहे. आदर्श हरवले म्हटले की दोष काळाला जातो, मोबाइलला जातो, मुलांच्या आवडीनिवडीला जातो. म्हणणाऱ्या वडीलधाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. त्याच्या खिशाला, वेळेला, प्रतिष्ठेला काही तोशीस पडत नाही.

माझे म्हणणे असे की तरुणांना तुटवडा आहे तो जामीनदारांचा. आपले नाव, आपला पैसा, आपला शब्द पणाला लावून ‘या पोराचं मी बघतो’ असे चारचौघांत म्हणणारे माणूस त्यांना मिळत नाही. आणि ज्या चरित्रांचे दाखले देऊन आदर्शांचा महिमा सांगितला जातो, ती चरित्रेच माझ्या बाजूने साक्ष देतात. फक्त ती पूर्ण वाचावी लागतात.

आधी तुटवड्याचे पाहू. महाराष्ट्रात आदर्शांचा दुष्काळ आहे असे वाटणाऱ्याने एखाद्या तालुक्याच्या गावातून चक्कर मारावी. चौकात पुतळा, शाळेला नाव, पतसंस्थेला नाव, वाचनालयाला नाव, रिक्षाच्या मागच्या काचेवर चित्र. जयंत्या-पुण्यतिथ्या वर्षभर पुरून उरतात. आठवीतली मुलगी सावित्रीबाईंवर किंवा डॉ. कलामांवर पाच मिनिटे न अडखळता भाषण करते आणि बक्षिसाची वही घेऊन घरी जाते. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या क्लासबाहेर निवड झालेल्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे एकाशेजारी एक टांगलेली असतात. ज्या मोबाइलला आपण शिव्या घालतो, त्यातही प्रेरणेचा मारा अखंड चालू असतो. एवढी प्रेरणा मागच्या कुठल्या पिढीला मिळाली असेल असे वाटत नाही.

तरी मुलगा अडतो. अकरावीला कुठली शाखा घ्यावी हे घरात कुणालाच ठाऊक नसते, तिथे अडतो. वसतिगृहाच्या अर्जाची तारीख उलटून गेल्यावर कळते, तिथे अडतो. जातवैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला लागतो आणि तो कुठल्या कचेरीत मागायचा हे सांगणारे कुणी नसते, तिथे अडतो. शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नसतो आणि महाविद्यालय फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेत नाही, तिथे तर कायमचाच अडतो. या जागांवर तसबिरीचा काही उपयोग नसतो. तिथे लागते ते फोन उचलणारे माणूस.

पुढचा दावा असा की समोर आदर्श असल्याशिवाय माणूस घडत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्यासमोर कोण होते? पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवलेली भारतीय स्त्री तोवर झालेलीच नव्हती. अनुकरण करायला कुणी नव्हते, चरित्र वाचायला मिळावे असे कुणी नव्हते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, ही त्यांची प्रेरणा घरातलीच. कमी होती ती दुसऱ्या टोकाला हात देणाऱ्याची. पती गोपाळरावांनी मदतीसाठी लिहिलेल्या पत्राला धर्मांतर सुचवणारे उत्तर आले आणि तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ते मासिक चाळले आणि त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढे पत्रे वाढली, नाते जुळले, आणि अठरा वर्षांची आनंदी बोटीने पोचली तेव्हा तिला राहायला कार्पेंटरबाईंचे घर होते. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. आनंदीबाईंवर आपल्याकडे कादंबरी झाली, नाटक झाले, चित्रपट झाला. शाळेतल्या भाषणात मात्र कार्पेंटरबाईंना एक वाक्यही मिळत नाही.

कुठल्याही वाटेवर पहिल्यांदा चालणाऱ्याला आदर्श नसतोच. तो असता तर हा पहिला ठरला नसता. आदर्श ही घडण्याची अटच असती, तर जगात कुणीही काहीही पहिल्यांदा केले नसते. पण या पहिल्या माणसांची चरित्रे उलटून पाहा, त्यांना ढकलणारे, ओढणारे, पोसणारे कुणी ना कुणी सापडतेच. जोतीराव फुल्यांचे शिक्षण वडिलांनी मध्येच थांबवले होते. शेजारचे मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ वडील गोविंदरावांकडे गेले, समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. थॉमस पेनचे पुस्तक वाचून जोतीराव पेटून उठले हे खरेच. पण ते इंग्रजी पुस्तक वाचता येण्याआधी दोन शेजाऱ्यांना एका माळ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागले होते.

आता डॉ. आंबेडकरांकडे येतो, कारण आदर्शवाद्यांचा सर्वांत आवडता दाखला तोच. गरिबी, अस्पृश्यता, परळच्या चाळीतली एवढीशी खोली, रात्री उठून केलेला अभ्यास आणि अखेर कोलंबिया विद्यापीठ. गोष्ट अशी सांगितली की वाटते, चाळीपासून न्यूयॉर्कपर्यंत हा मुलगा निव्वळ निश्चयाच्या बळावर चालत गेला. मधली माणसे गाळली की चरित्र झटपट वाचून होते, पण मग ते खरे राहत नाही.

मधली माणसे अशी. वडील रामजी सुभेदार पोराच्या पुस्तकांसाठी विवाहित लेकींकडे जात, पैसे नसले तर त्यांचा दागिना घेऊन गहाण ठेवत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी हेरला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. इथवर ठीक. पुस्तक भेट देणारे आजही पुष्कळ आहेत. पण पुढे घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा हेच केळुसकर गुरुजी उठले आणि मुलाला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे पटली, महिना २५ रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. मुल्लर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. परत आल्यावर १९२० मध्ये ‘मूकनायक’साठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत, एका संस्थानाच्या राजाने अठ्ठावीस वर्षांच्या या तरुणाकडे बोट दाखवून लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे.

केळुसकर काय, शाहू महाराज काय, दोघांनीही आपली पत त्या तरुणाच्या नावावर लावली. महाराजांसमोर मुलाला उत्तरे देता आली नसती, तर खाली पाहायची वेळ गुरुजींवर आली असती. जामीन राहणे म्हणजे हेच. बुद्धिमत्ता, कष्ट, निर्धार हे सगळे त्या तरुणाचे स्वतःचे होते आणि असामान्य होते, याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण असामान्य माणसालाही ज्या समाजात इतके हात लागले, तिथे सामान्य वकुबाच्या मुलाने तसबीर पाहून निभावून न्यावे ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

यावर हुशार प्रतिपक्षी म्हणेल: आंबेडकरांनी स्वतः आपले तीन गुरू सांगितले ते बुद्ध, कबीर आणि फुले. तिघांपैकी एकालाही ते भेटलेले नव्हते. बुद्ध अडीच हजार वर्षांपूर्वीचे, कबीर कित्येक शतकांपूर्वीचे. फुले नोव्हेंबर १८९० मध्ये गेले, आंबेडकर एप्रिल १८९१ मध्ये जन्मले. मग दूरचा आदर्श पुरेसा नाही हे कशावरून?

आक्षेप वजनदार आहे. दूरच्या आदर्शाला काम नाही असे मी म्हणतच नाही. कुठे जायचे ते तो सांगतो, आणि तेवढे सांगणे थोडे नव्हे. पण हे तीन गुरू त्या मुलापर्यंत पोचले कसे? कबीर पोचले ते वडिलांकडून, कारण रामजी कबीरपंथी होते. बुद्ध पोचले ते केळुसकरांच्या हातून, आणि ते ऋण आंबेडकरांनी आयुष्याच्या अखेरीस लिहून ठेवले. थोर माणसे आपल्या पायांनी मुलाच्या घरी चालत येत नाहीत. त्यांनाही कुणी तरी आणून सोडावे लागते. शिवाय ज्या आंबेडकरांचे नाव घेऊन विभूतिपूजा चालते, त्यांनीच १९४३ मध्ये पुण्याला रानड्यांवर बोलताना तिच्यावर टीका केली आणि १९४९ मध्ये घटना समितीतल्या भाषणात राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असे बजावले. त्यांना गुरू चालत होते. देव्हारे मात्र चालत नव्हते.

हाच हिशेब कुस्तीच्या आखाड्यात लावून पाहा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती आजही रंगवून सांगतात. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते देणे फेडले. मल्लाला घडवणारा हा प्राचार्य आखाड्यातला नव्हता. त्याने फक्त घराचे कागद गहाण ठेवले. पदकविजेत्याचा पुतळा उभारणे सोपे असते, कारण तो जिंकल्यावर उभारायचा असतो. खर्डेकरांनी पैसे दिले ते जिंकण्याआधी.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवले. त्याचा आदर्श कोण? महेंद्रसिंग धोनी. धोनीवरचा चित्रपट त्याने पुन्हा पुन्हा पाहिला. धोनीप्रमाणे तोही तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. म्हणजे ज्या क्रिकेटपटूंच्या आणि सिनेमांच्या नावाने आदर्शवादी नाक मुरडतात, त्यांनीच इथे आदर्शाचे काम चोख केले. मुले कुणाकडे पाहतात याची काळजी त्यामुळे जरा कमी केलेली बरी. पण धोनीने त्याला रायफल धरायला शिकवले नाही. त्यासाठी राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी होती आणि दीपाली देशपांडे होत्या, ज्या स्वतः २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिकला खेळल्या होत्या. रायफल आणि काडतुसे फुकट येत नाहीत. त्यासाठी शिक्षक वडिलांनी कर्ज काढले. आदर्श एक, तोही दुरून. जामीनदार मात्र तीन.

शिवाय चांगला मार्गदर्शक स्वतः आदर्शाच्या मापाचा असावा लागतो असेही नाही. रमाकांत आचरेकर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. चरित्रग्रंथाला पुरेल असे त्यांच्या फलंदाजीत काही नव्हते. पण शिवाजी पार्कवर थकलेल्या सचिनसाठी स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवणारे, त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणारे तेच होते. आणि सचिनला त्यांच्यापर्यंत नेणारा होता थोरला भाऊ अजित. थोर होणे सगळ्यांना जमणार नाही. स्कूटर काढणे बऱ्याच जणांना जमेल.

आता सर्वांत रुजलेला आक्षेप. ‘जिद्द असेल तर कुणाची गरज लागत नाही, एकलव्याने मातीच्या पुतळ्यापुढे विद्या मिळवली.’ हे उदाहरण देणाऱ्यांनी कथा अर्ध्यावरच सोडलेली असते. खऱ्या द्रोणांनी एकलव्याला जातीमुळे दारातून परत पाठवले म्हणून त्याच्यावर पुतळा करायची वेळ आली. आणि तो पुतळ्यापुढे शिकला, तेव्हा न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा गेला. पुतळ्याकडून शिकलेल्याला संरक्षण नसते, हाच त्या कथेचा धडा आहे. त्याच्या बाजूने उभे राहून ‘अंगठा देणार नाही’ म्हणणारे कुणी नव्हते. उत्तम प्रशिक्षकाला आपण द्रोणाचार्य पुरस्कार देतो, ही विसंगती आपल्याला अजून टोचत नाही.

जिद्दीच्या या तत्त्वज्ञानाचा सर्वांत मोठा बाजार स्पर्धा परीक्षांभोवती भरतो. नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या घरात अर्ज येतात, निवड होते साधारण हजारेकांची. त्या हजारांतला एक जण व्यासपीठावर येऊन म्हणतो, ‘मी करू शकलो, तुम्हीही करू शकता.’ वाक्य दिसायला उदार, पण त्यातून निघणारा निष्कर्ष निर्दय असतो. तुम्हाला जमले नाही, म्हणजे तुमची जिद्द कमी पडली. पाच वर्षे खोलीभाडे कुणी भरले, मुलाखतीची तयारी कुणी करून घेतली, अपयशाच्या वर्षी घरच्यांना कुणी थोपवून धरले, हे भाषणात येत नाही. ज्यांच्या घरात काका कंपनीत आहेत, मामा वकील आहेत, आत्या प्राध्यापक आहे, त्या मुलांना आदर्शांवरची व्याख्याने ऐकायला कुणी बसवत नाही. त्यांचे काम एका फोनवर होते, आणि त्याला आपण ओळख म्हणतो. ओळख नसलेल्यांच्या वाट्याला प्रेरणा येते.

काही जण मला बजावतील की जवळचा मार्गदर्शक धोक्याचा असतो. तो राबवून घेतो, मिंधे करतो, प्रसंगी शोषणही करतो. खरे आहे. प्रबंधाच्या मार्गदर्शकाच्या घरचा बाजार आणणारे विद्यार्थी आपल्याकडे नवीन नाहीत. दात्याच्या चांगुलपणाला मर्यादाही असतात. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा शिपाई त्यांच्यापुढे कागद फेकत आणि अख्ख्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जामीनदाराने दार उघडले, पण घरातली माणसे बदलली नाहीत.

पण यावरचे उत्तरही याच मातीत सापडलेले आहे, आणि ते म्हणजे बोर्डिंग. एका भल्या माणसाच्या मर्जीवर मुलाचे भवितव्य टांगू नये, म्हणून मदतीची संस्था करावी. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींसाठी वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. ज्यांना हात मिळाला त्यांनी आणि ज्यांनी हात दिला त्यांनीही, आपला पुतळा व्हावा यापेक्षा मुलांना दोन वेळचे ताट आणि झोपायला जागा मिळावी याची सोय पाहिली. आपण मात्र त्यांचे पुतळे केले आणि वसतिगृहांच्या खाणावळींकडे पाठ फिरवली.

म्हणून आदर्शांच्या नावाने गळा काढणाऱ्यांपुढे माझ्या मागण्या साध्या आहेत. गुणवंतांचा सत्कार करताना त्यांना व्यासपीठावर एकच प्रश्न विचारा: तुमच्यासाठी कुणी काय केले, नावानिशी सांगा. चरित्रे मुलांना जरूर द्या, पण केळुसकर, खर्डेकर, कार्पेंटर, लक्ष्मीबाई यांची पाने न फाडता द्या. व्याख्यानाच्या मानधनाइतकीच रक्कम गावातल्या एका मुलाच्या परीक्षा शुल्कासाठी बाजूला काढा. शाळेत अर्ज भरायला बसणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी असू द्या, मग तो निवृत्त कारकून असला तरी चालेल. किंबहुना तोच उत्तम, कारण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्याला माहीत असते.

आणि पुढच्या १२ जानेवारीचा लेख लिहायला बसण्याआधी लेखकाने एक यादी करावी. कुणाच्या शैक्षणिक कर्जावर आपण हमीदार म्हणून सही केली? कुणासाठी अशा ठिकाणी शब्द टाकला, जिथे त्या मुलाने निराशा केली असती तर आपली मान खाली गेली असती? नातेवाइकांची नावे वगळावीत. यादीत एकही नाव उरले नाही, तर आदर्श हरवल्याची तक्रार करण्याचा हक्क त्या मुलांचा आहे, आपला नाही.